तार, दार, धार

तुम्ही आत आला नव्हतात. तरी लिहिलंत.

"मधल्या घरात उजेड नाही, वारा नाही. माणसाला राहण्याजोगं नाही." एवढं तपासणीच्या सरकारी कागदावर लिहून तुम्ही जीपमध्ये बसलात. त्या दिवशी तुमचे बूट पायांतच होते. तंजावुरात ज्याच्या पायांत बूट आहेत तो घरात आलेला नसतो, दारात आलेला असतो. कमलाक्षीने तुम्हांला आतून पाहिलं होतं. बोळाकडच्या उंबऱ्यावरून मान आत घालून तुम्ही विजेरीचा झोत फिरवलात, भर दुपारी जळत असलेल्या बल्बकडे बोट दाखवलंत आणि वळलात. त्या बल्बखाली एक बाई भाजी चिरत होती. ती इथे कशी राहते, का राहते, हे घर असं आंधळं कोणी केलं, यातलं एकही तुम्हांला विचारावंसं वाटलं नाही.

आणि तुमच्या त्या एका ओळीवर राजवाड्यामागची अख्खी गल्ली टांगली होती.

त्या गल्लीत काय चाललं होतं ते तुम्हांला ठाऊक होतं. भुवना, कमलाक्षीची भाची, चेन्नईच्या एका संस्थेत आर्किटेक्ट. संस्था कुलपातली घरं विकत घ्यायची नाही, फक्त दुरुस्त करायची, त्यात पैसा घालायची आणि गावात नोकरी करणाऱ्यांना भाड्याने लावून द्यायची. मालकी मालकाची. पहिली दोन घरं उघडली तेव्हा समोरच्या घरात अलमेलु आली, सरकारी इस्पितळातली नर्स, दोन पोरी घेऊन. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने दारात कोलम घातला. गल्लीतल्या जुन्या माणसांनी त्या रांगोळीला वळसा घालून चालायला सुरुवात केली, देवळातल्या दिव्याला घालावा तसा. दूधवाला पुन्हा आत वळू लागला. इस्त्रीवाल्याने आपली गाडी कोपऱ्यावर आणून लावली. मेली म्हणून सोडलेली गल्ली श्वास घेते आहे, हे म्हातारी माणसं तिण्णैवर बसून बघत राहायची. ओट्यावरचं त्यांचं बोलणंच थांबलं होतं, इतकं ते बघण्यासारखं होतं.

पण गल्लीच्या मधोमध हे तिहेरी घर. पुढचं सुरेंद्रचं, म्हणजे भुवनाच्या वडिलांचं, मधलं त्याच्या बहिणीचं, कमलाक्षीचं, मागचं धाकट्या भावाचं, राघोजीचं. ते तुमच्या तपासणीत नापास झालं की गल्ली दुरुस्तीच्या योजनेतून बाहेर, आणि मग सगळं पाडून पर्यटकांच्या बसगाड्यांना जागा. आज चार वाजता तुम्ही शेवटचं बघायला येणार होतात.

*

राघोजी सकाळी मधल्या घरात आला तो मागच्या रस्त्याने, बोळातून वळसा घालून. दोन घरांत भिंत एकच, पण बहिणीच्या हातची कापी प्यायची तर त्याला अर्ध्या गावातून यावं लागे. ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत नोकरी करून तो निवृत्त झाला होता. त्या कचेरीत जायलासुद्धा त्याला एवढा कंटाळा कधी आला नव्हता.

अक्का घरात नव्हती. कामाक्षीच्या देवळात गेली होती. राममूर्ती मेस्त्री आणि त्याचे दोन गडी पोपडे खरवडत होते. तुम्ही यायच्या आत भिंतींना चुना लावायचा होता.

"सार," मेस्त्री तमिळमध्ये म्हणाला, "ही काय गंमत आहे? अम्मांनी भिंतीवर डांबर लिहून ठेवलंय. डांबर फासायचं का इथे?"

राघोजी जवळ गेला. मागच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, खडूने लिहिलेलं होतं. अक्काचं अक्षर. अक्षरं तमिळ, भाषा मराठी; मेस्त्रीने तो शब्द तमिळ म्हणून वाचला होता, तमिळमध्ये त्याचा अर्थ डांबर. या घरात देवनागरी वाचणारे आजोबाच शेवटचे. पुढच्या सगळ्यांनी मराठी लिहिली ती तमिळ अक्षरांत, आणि तमिळमध्ये त, थ, द, ध या चौघांना मिळून एकच अक्षर. कोणतं कोठें वाचायचं हे घरातल्या माणसाला कळतं. कळायला हवं.

राघोजीने वाचलं. दार.

त्याला ते दार आठवत होतं. मधल्या घरातून मागच्या अंगणात जाणारं, पितळी कडीचं, दुपारी उघडं टाकलेलं. वडील गेले, वाटणी झाली, आणि सुरेंद्रने विटा आणून ते बुजवलं. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. जे बोलायचं ते अक्काला उद्देशून, दुसरा समोर बसला असला तरी. आणि अक्का कोणाचीच बाजू घेत नसे. आज तिने घेतली होती. तोंडाने नाही, खडूने.

"डांबर नव्हे, मेस्त्री," राघोजी म्हणाला. "हातोडा दे."

"सार, अम्मा येऊ देत की."

"तिचीच सही आहे ही. दे."

*

पुढच्या घराच्या तिण्णैवर सुरेंद्र पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. पाठीमागे त्याचंच दार, त्याचंच कुलूप. किल्ली खिशात. रात्रीच्या गाडीने चेन्नईहून आला होता, पण दार उघडलं नव्हतं. घर पाडायला आपली हरकत नाही, एवढं साहेबांसमोर सांगायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं.

"अप्पा, आत तरी बसा," भुवना म्हणाली.

"काय म्हणून? धूळ खायला?"

"स्वतःच्या घरात बसायला."

"हे बघ भुवना. मी गेल्यावर हे भांडण तुझ्या गळ्यात पडू नये, म्हणून सांगतो. जाऊ दे एकदाचं. बस उभ्या राहतील, कोणी तरी उतरून फोटो काढील. शरी, चालेल."

"भांडण मला मिळालंच आहे, अप्पा. लहानपणापासून सुटीत आले की तेच खाते आहे. घर तरी द्या."

सुरेंद्रने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आतून हातोड्याचा आवाज आला. पहिल्या तीन घावांत त्याला काही वाटलं नाही. चौथ्याला तो उठला. कोणत्या भिंतीचा आवाज कसा येतो, हे ती बांधणाऱ्याला न बघता कळतं.

*

विटा पडत होत्या. राघोजी स्वतः घाव घालत होता, मेस्त्री मागे ओढत होता, आणि मग ठिणगी उडाली. फट्ट. जळका वास आला. मधल्या घरातला बल्ब गेला, पंखा थांबला, देवापुढचा लाल दिवासुद्धा गेला.

त्याच क्षणी कमलाक्षी बोळातून आत आली. हातात कुंकवाचा कागद, केसांत ताजी मोगऱ्याची माळ. मागोमाग सुरेंद्र, भुवना.

ती थांबली.

बल्ब गेला होता आणि तिला घर दिसत होतं.

मागच्या भिंतीत माणूस वाकून जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्यातून राघोजीच्या अंगणातलं सकाळचं ऊन आत आलं होतं. पिवळं, तिरपं, चुन्याच्या धुळीने भरलेलं. धूळ हळूहळू वर चढत होती. उजेड जमिनीवरून सरकत तिच्या चुलीच्या खोलीपर्यंत गेला होता. कमलाक्षीने खाली बघितलं. जमिनीची फरशी लाल होती. ती लाल आहे हे ती विसरून गेली होती. एवढी वर्षं त्या फरशीवर पाणी टाकून पुसणाऱ्या बाईला आपल्याच जमिनीचा रंग बल्बने तपकिरी सांगितला होता, आणि तिने ऐकून घेतला होता.

वर पाहिलं तर खांब. लाकडी, गोल, वरच्या टोकाला कमळ कोरलेलं. बल्ब खांबांच्या खाली लोंबायचा. वर कोणी बघतच नव्हतं.

मेस्त्रीच्या गड्याने डोक्याचा टॉवेल काढून हातात घेतला, देवळात घेतात तसा.

शेवटी कमलाक्षी म्हणाली, "राघू, काय केलंस हें?"

"तू लिहिलंस तेच."

"मी काय लिहिलं?"

"दार."

"तार, रे. तार! त्या भिंतीत करंटची तार जाते. इथे मारू नका म्हणून मेस्त्रीला लिहून ठेवलं मी."

राघोजीने हातातल्या हातोड्याच्या लाकडी दांड्याकडे बघितलं. मग ती काळी पडलेली तार बघितली. "अय्यो," तो हळूच म्हणाला आणि खाली बसला.

सुरेंद्रला राग यायला हवा होता. तो आलाही. "अक्का, त्याला सांग," तो म्हणाला, "वाटणीची भिंत आहे ही. कोर्टात जाईन मी. आणि वाचायचं तर नीट वाचावं माणसाने. तार नव्हे, दार नव्हे. धार लिहिलंय ते. सकाळी कापीला आलो तेव्हाच मी पाहिलं. मज वाटलं, भिंतीतून पाणी पाझरतंय."

कमलाक्षीने वळून त्याच्याकडे बघितलं. "तुज सगळीकडे पाणीच दिसतं. जन्म कालव्यांवर काढलास ना."

भुवना हसली. तिला आवरेना. मग राघोजी खाली बसल्या बसल्या हसायला लागला, आणि मेस्त्री, ज्याला मराठीतलं काही कळलं नव्हतं, तोही. सुरेंद्र हसला नाही. पण कोर्टाचं पुढचं वाक्यही तो बोलला नाही.

*

भुवनाने बाकीच्या विटा काढायला लावल्या. आत जुनी चौकट अख्खी होती. ती अंगणात गेली, परत आली, पुन्हा गेली. वही-पेन्सिल तिने काढली नाही. तिला भीती वाटत होती की कागदावर काढलं तर हे लहान होईल.

या घरासाठी तिने किती डोकं फोडलं होतं. छताला भोकं, भिंतीत हवा ओढणारे पंखे, काचेची कौलं. तुम्ही प्रत्येक नकाशावर नकाराची मान हलवली होतीत. आणि उत्तर विटांच्या मागे उभं होतं. हे घर कधी आंधळं नव्हतंच. पुढे एक अंगण, मागे एक अंगण, आणि मधलं घर या दोन्हींच्या उजेडावर जगणारं. बांधणाऱ्याने सकाळ मागून आणली होती आणि संध्याकाळ पुढून. कोण होता तो, त्याचं नाव कोणाला माहीत नाही. तिला कॉलेजात ज्यांनी पाच वर्षं शिकवलं त्यांनी हे शिकवलं नव्हतं.

"मला कोणी सांगितलं का नाही?" ती एकदम म्हणाली. "आत्या, मी तिघांनाही विचारलं होतं. तुम्ही तीन घरं दाखवलीत मला. एक घर कोणीच नाही दाखवलं."

"कोण दाखवणार?" कमलाक्षी म्हणाली. "एकाने तोंड उघडलं तर दुसऱ्याचं नाव घ्यावं लागतं."

ती देवापुढे बसली होती. दिवा गेलेला, म्हणून तिने उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला नाही. तो वाकला, आडवा झाला आणि पुढच्या बाजूला निघाला, सुरेंद्रच्या घराकडच्या बंद दाराकडे. हे दार विटांनी बुजवलेलं नव्हतं, पलीकडून कुलूप होतं. धूर दारापर्यंत गेला, फटीशी अडला, आणि तिथेच गोळा होऊ लागला.

सुरेंद्र ते बघत होता.

त्याने आयुष्यभर हेच केलं होतं. तिरुवैयारूपासून खाली, कालव्यामागून कालवा, वाकून बघायचं की पाणी कोठें अडतं. शेतकरी ओरडत असायचे, वरचा माणूस खालच्याला शिव्या देत असायचा, आणि तो काडी टाकून बघायचा. काडी थांबली तिथे दोष. काडी कधी खोटं बोलत नाही.

धूर त्याच्या दाराशी थांबला होता.

"निकास नाही," तो पुटपुटला.

"काय?" भुवना म्हणाली.

"वारा यायला मागून वाट झाली. जायला नाही. जाणार नाही तर येणार कसा? थोडा वेळ येईल आणि मरेल." तो इंजिनियरच्या आवाजात बोलत होता. त्या आवाजात भाऊ नव्हता, वाटणी नव्हती. "दोन्ही दारं एका रेषेत आहेत. पुढचं उघडलं पाहिजे."

"मग उघडा."

खिशातली किल्ली सुरेंद्रने बाहेर काढली नाही. पण हात खिशात गेला.

"अक्का," तो म्हणाला, "मी इथे हरकत नाही असं सांगायला आलो होतो."

"ठाऊक आहे मज."

"चेन्नईत चौदाव्या मजल्यावर राहतो मी. वारा पुष्कळ. बघायला कोणी नाही. इथे उघडून मी कोणासाठी ठेवू?"

कमलाक्षीने उदबत्तीची राख झटकली. "अलमेलुच्या पोरी आहेत समोर. वाणी म्हणून कोणी आहे, तिरुवैयारूत वीणा शिकवते. दोनदा येऊन गेली, घर मिळेल का म्हणून. मी म्हटलं, अंधार आहे. तुझं नाव नाही घेतलं."

हे शेवटचं तिने सहज म्हटलं. सुरेंद्रला ते कोर्टापेक्षा जड गेलं.

तो बोळातून बाहेर पडला, तिण्णैवर चढला, आपलं पुढचं दार उघडलं. जाळ्या हाताने बाजूला करत आपल्या अंगणातून आत आला. आतल्या दाराचं कुलूप उघडलं. पण दार हललं नाही. उंबऱ्यात बसून फुगलं होतं. त्याने खांदा लावला. पुन्हा लावला. तो सत्तरीचा होता आणि दार सागवानी.

पलीकडून मधल्या घरात सगळ्यांना त्याचा खांदा ऐकू येत होता. धप्प. धप्प. मेस्त्री पुढे झाला, पण कमलाक्षीने त्याला डोळ्यांनी थांबवलं.

मग दारापलीकडून आवाज आला.

"राघू."

राघोजी उभा राहिला. एवढी वर्षं "त्याला सांग" ऐकलेल्या माणसाला आपलं नाव ओळखायला एक क्षण लागला.

"राघू, खाली कडी आहे तुझ्या बाजूला. वर उचलून धर. मी ढकलतो."

राघोजीने कडी दोन्ही हातांनी धरली. "उचलली, अण्णा," तो म्हणाला. "ढकल."

*

नंतर जे झालं ते सांगायला गल्लीतल्या कोणालाच नीट जमत नाही. अलमेलु म्हणते, ती अंगणात कपडे वाळत घालत होती आणि समोरच्या, कायम बंद असलेल्या दारातून वारा आला, अंगावर, ओला, कोणाच्या तरी घरच्या वासाचा. तिने वळून बघितलं तर घराच्या आरपार दिसत होतं. पुढचं अंगण, मग खांब, मग मागचं अंगण, आणि त्याच्याही पलीकडे मागचा रस्ता. मागच्या रस्त्यावरून एक फुलवाली चालली होती, डोक्यावर टोपली. एवढीशी, दारांच्या तीन चौकटींत बसवलेली. फुलवालीने पण इकडे बघितलं. टोपली सावरून ती तिथेच थांबली.

दोन रस्ते एकमेकांकडे बघत होते.

वारा आत वाहत होता, थांबत नव्हता. सुरेंद्र चौकटीत उभा होता, हात दाराच्या फळीवर, सदऱ्याचं टोक फडफडत. त्याच्या तोंडावर धूळ होती आणि त्या धुळीत ओल्या रेघा. "धार," तो म्हणाला. कोणाला उद्देशून नाही.

अलमेलुच्या पोरी पायांतल्या चपला फेकून आत पळाल्या आणि थेट मागच्या रस्त्यापर्यंत गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. मग गल्लीतली माणसं एकेक करून आली. उंबऱ्याशी चपला काढून आत येत, खांबांकडे मान वर करून बघत, आणि हळू बोलत. कोणी विचारलं नाही की घर कोणाचं. भुवना एका खांबाला टेकून बसली होती. मनात ती घरं मोजत होती, गल्लीतली उरलेली बंद घरं, सगळी याच बांधणीची, सगळी अशीच आतून बुजवलेली. प्रत्येकात एक वारा अडकलेला.

तारेचा जोड द्यायला मेस्त्रीने पेटी उघडली.

"राहू दे," कमलाक्षी म्हणाली. "साहेब येऊन जाऊ देत. मग करंट."

*

चार वाजता तुम्ही आलात.

तुम्हांला दारात माणसं दिसली, ती तुम्हांला आवडली नाहीत. तुम्ही उंबऱ्याशी थांबलात, मागच्या वेळेसारखे, आणि विजेरी काढलीत.

"बूट," कमलाक्षी तमिळमध्ये म्हणाली.

"अम्मा, मला फक्त एक मिनिट बघायचं आहे."

"मागच्या वेळीही एक मिनिटच होतं. बूट काढा. आत या."

तुम्ही माणसांकडे बघितलंत. कोणी हललं नाही. तुम्ही खाली बसून नाड्या सोडल्यात. मोजे घालून तुम्ही पुढचं अंगण ओलांडलंत, सुरेंद्र आणि राघोजी यांच्यामधून गेलात, आणि मधल्या घरात आलात. सवयीने विजेरी लावलीत. झोत भिंतीवर टाकलात. तो दिसला नाही.

ऊन आता पुढून येत होतं. खांबांच्या सावल्या मागच्या अंगणापर्यंत लांबल्या होत्या. लाल जमीन पेटल्यासारखी. तुम्ही विजेरी हलवलीत, बिघडली की काय म्हणून. तिचा गोल कुठेच पडत नव्हता. तुम्ही छताकडे बघितलंत, बल्ब शोधलात. तो विझलेला होता. तुम्ही बराच वेळ बल्बकडे बघत राहिलात. तुमच्या शर्टाची कॉलर वाऱ्याने हलत होती, हे तुम्हांला सोडून सगळ्यांना दिसत होतं. मग तुमचा हात कॉलरकडे गेला.

"हे... हे आधी असं नव्हतं," तुम्ही म्हणालात.

"होतं," कमलाक्षी म्हणाली. "आमचं आम्ही बुजवलं होतं, तो आमचा मूर्खपणा, तो आज आम्ही काढला. तुम्ही विचारलं असतं तर तेव्हाच काढला असता. ती बत्ती विझवा आधी."

तुम्ही विझवलीत.

"माझी दोन्ही भावंडं इथे आहेत. भाची आहे. गल्ली उभी आहे दारात. यातल्या पुष्कळांच्या घराला कुलूप आहे आणि तुमच्या तोंडाकडे बघून ती किल्ली वळवायची की नाही हे ते ठरवणार आहेत. कचेरीत जाऊन कळवतो, असं सांगू नका. तिथे हा उजेड येणार नाही तुमच्याबरोबर. इथे उभे आहात तोवर सांगा. माणसाने इथे राहावं की नाही?"

तुम्ही मान हलवू लागलात.

"मान नको हलवू," ती म्हणाली, आणि त्या वेळी प्रथमच तिने तुम्हांला अहो-जाहो केलं नाही. "बोल."